जुन्या व्हर्जनचा सपोर्ट कधी बंद करायचा? आधी हिशेब, मग तारीख



आपल्या भागात उद्योग म्हटलं की दुकान, डेअरी, मसाला, पापड एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण बिलिंगचं सॉफ्टवेअर, दूध संकलनाचं सॉफ्टवेअर, क्लासच्या फीचं ॲप बनवून विकणं हासुद्धा गावात बसून करता येणारा धंदा आहे. त्यात पहिली दोन वर्षं एकच चिंता असते, ग्राहक कसा मिळवायचा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी दुसरी चिंता सुरू होते. जुना कॉम्प्युटर आणि जुनं व्हर्जन वापरणाऱ्या ग्राहकाला किती दिवस सांभाळायचं? सोडलं तर माणूस दुखावतो, आणि सांभाळलं तर आपला वेळ जातो.

या आठवड्याच्या व्हिडिओत हाच विषय घेतलाय. व्हिडिओ पाहिला नसेल तरी चालेल, इथे सगळं सविस्तर लिहितोय. तुम्ही सॉफ्टवेअर विकत नसाल, फक्त वापरत असाल, तरीही वाचा. विकणाऱ्याला कोणते प्रश्न विचारायचे ते कळेल.

आपलं उदाहरण

समजा, तुम्ही मांजरसुंब्याला राहता. धुळे-सोलापूर महामार्ग आणि पाटोद्याहून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता जिथे भेटतात, त्या चौकाजवळ तुमचं छोटंसं ऑफिस आहे. तुम्ही बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवलंय. मांजरसुंबा, नेकनूर, पाटोदा, केज इथे मिळून तुमचे ६० ग्राहक आहेत. कुणाचं हॉटेल, कुणाचं कृषी सेवा केंद्र, कुणाचं दूध संकलन केंद्र. प्रत्येक जण वर्षाला ३,००० रुपये नूतनीकरण फी देतो.

या ६० पैकी ९ जण अजून विंडोज ७ वर आहेत. त्यांच्यासाठी तुम्ही सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन वेगळं सांभाळताय. हे आकडे समजण्यासाठी घेतलेत. तुमचे आकडे घालून हाच हिशेब करायचा आहे.

सपोर्ट म्हणजे चार वेगवेगळ्या गोष्टी

'सपोर्ट बंद' म्हटलं की ग्राहकाला वाटतं, उद्या सकाळी सॉफ्टवेअर उघडणारच नाही. म्हणून आधी हे नीट समजून घ्या. आपण ग्राहकाला चार गोष्टी देत असतो:

१. नवीन सोयी
२. चुकांची दुरुस्ती
३. सुरक्षेची दुरुस्ती
४. फोनवर किंवा जागेवर जाऊन मदत

या चारही एकाच दिवशी बंद करायची गरज नाही. मोठ्या कंपन्यासुद्धा तसं करतात. विंडोज ७ चंच बघा. गुगल क्रोमचं १०९ हे विंडोज ७ वर चालणारं शेवटचं व्हर्जन. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आलं आणि तिथून क्रोमने विंडोज ७ सोडलं. फायरफॉक्सने दुसरा मार्ग घेतला. ११५ नंतरची नवीन व्हर्जन विंडोज ७ ला दिली नाहीत, पण त्या ११५ ला सुरक्षेची दुरुस्ती पुढेही चालू ठेवली आणि तिची मुदत एकापेक्षा जास्त वेळा वाढवली. म्हणजे नवीन सोयी बंद, सुरक्षा चालू.

छोट्या उद्योजकाला फायरफॉक्सचा मार्ग बऱ्याचदा जास्त सोयीचा पडतो. पहिल्या टप्प्यात नवीन सोयी थांबवा, दुसऱ्या टप्प्यात किरकोळ दुरुस्ती आणि शेवटच्या टप्प्यात फोनवरची मदत. ग्राहकाला सवय व्हायला वेळ मिळतो आणि तुमचं कामही टप्प्याटप्प्याने हलकं होतं.

प्रश्न पहिला: नक्की किती जण आहेत?

अंदाजावर निर्णय घेऊ नका. 'बरेच जण जुनंच वापरतात' हे वाक्य हिशेबात धरता येत नाही. यादी करा. मोबाइल ॲप असेल तर गुगलच्या प्ले कन्सोलमध्ये कोणत्या अँड्रॉइडवर किती जण आहेत ते दिसतं. कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर असेल तर नूतनीकरणाच्या वेळी फोनवर विचारून घ्या. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबायला सांगा, येणाऱ्या चौकटीत डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर टाइप करून एंटर मारायला सांगा. कोणतं विंडोज आहे ते समोर येतं. दोन मिनिटांचं काम.

यादीत संख्येसोबत एक रकाना आणखी ठेवा: त्या ग्राहकाच्या मागे किती माणसं आहेत? ९ जणांमध्ये एक दूध संकलन केंद्र असेल तर तो कागदावर एकच ग्राहक आहे. पण त्याचं सॉफ्टवेअर दहा दिवसांच्या बिलाच्या दिवशी अडकलं, तर दूध घालणाऱ्या प्रत्येक घराचा पगार अडकतो. कुणाचं पशुखाद्याचं देणं असतं, कुणाची पोरांची फी असते. अशा ग्राहकाला नव्यावर न्यायचं काम सगळ्यात आधी हाती घ्या, आणि त्याचं जुनं सगळ्यात शेवटी बंद करा.

प्रश्न दुसरा: सांभाळायला खर्च किती येतो?

इथे वही-पेन घ्या. जुनं व्हर्जन सांभाळण्याचा खर्च दोन प्रकारचा असतो.

पहिला, ग्राहक कितीही असले तरी लागणारा. वर्षात तुम्ही ४ अपडेट काढता. प्रत्येक अपडेट विंडोज ७ वर तपासायला ६ तास जास्तीचे लागतात. झाले २४ तास. तुमच्या एका तासाची किंमत १५० रुपये धरली तर ३,६०० रुपये.

दुसरा, प्रत्येक ग्राहकामागे लागणारा. जुन्या मशीनमुळे येणारे फोन, प्रिंटरच्या तक्रारी, हळू चालतंय, हँग झालं. महिन्याला एक तास धरा. वर्षाचे १२ तास, म्हणजे १,८०० रुपये.

आता बघा. एक ग्राहक ३,००० देतो, त्यातले १,८०० त्याच्यावरच जातात, उरतात १,२००. ९ ग्राहकांचे उरले १०,८००. त्यातून ते ३,६०० वजा केले की शिल्लक ७,२००. म्हणजे आज तुम्ही तोट्यात नाही! आज घाईघाईने ९ जणांना सोडायचं कारण या हिशेबात तरी दिसत नाही.

पण हेच ग्राहक कमी होत ४ वर आले, तर शिल्लक फक्त १,२००. आणि ३ वर आले की शून्य. तिथून पुढे प्रत्येक वर्षी तुम्ही स्वतःच्या खिशातून घालताय. हा तुमचा मोडीचा आकडा. तो आधीच काढून ठेवला की निर्णय भावनेवर जात नाही, कुणाच्या बोलण्यावर जात नाही.

एक गोष्ट मात्र या वहीत येत नाही. त्या ९ जणांसाठी तुम्ही एखादी नवीन सोय थांबवून ठेवलीय का? असेल, तर उरलेले ५१ जण त्याची किंमत मोजतायत, आणि त्यांनी तक्रारही केलेली नाही. शांत ग्राहक दुसऱ्याकडे जातो तेव्हाही शांतच जातो.

प्रश्न तिसरा: तुमच्या खालची जमीन कुणाची आहे?

तुमचं सॉफ्टवेअर हवेत उभं नसतं. खाली विंडोज किंवा अँड्रॉइड असतं, मधे प्रोग्रॅमिंगची भाषा असते, बाजूला ब्राउझर असतो. यातल्या प्रत्येकाची स्वतःची मुदत असते, आणि त्यांच्या मुदतीपुढे तुमचं वचन टिकत नाही.

विंडोज ७ चा नेहमीचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. पैसे भरून मिळणारी जादा मुदतही जानेवारी २०२३ मध्ये संपली. तुमचं सॉफ्टवेअर पायथॉन या भाषेत असेल तर विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथॉन ३.८, आणि त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला. मग विंडोज ७ च्या ग्राहकाला 'तुमचं सगळं सुरक्षित आहे' असं तुम्ही कोणत्या आधारावर सांगणार? आपल्या कोडची हमी आपण देऊ शकतो, खालच्या भोकांची नाही.

म्हणजे दुसऱ्या प्रश्नात ७,२०० रुपये सुटत असले, तरी तिसरा प्रश्न सांगतो की हे कायम चालणार नाही. नफा असताना तारीख ठरवलेली बरी, कारण तेव्हा तुमच्याकडे ग्राहकाला वेळ द्यायची ताकद असते.

प्रश्न चौथा: कायदा काय म्हणतो?

काही वेळा तारीख आपण ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि व्हॅटची बिलं काढणारी सगळी जुनी व्हर्जन एका रात्रीत निरुपयोगी झाली. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हाही ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दर कोडमध्येच पक्के बसवलेले होते, त्यांना प्रत्येक जुन्या व्हर्जनमध्ये हात घालावा लागणारच होता. धडा असा: जे बाहेरच्या नियमाने बदलतं, ते ग्राहकाला स्वतः बदलता येईल असं ठेवा. आणि एका वेळी सांभाळायची व्हर्जन जितकी कमी, तितकी अशी रात्र सोपी जाते. दोनपेक्षा जास्त नकोतच.

ग्राहक हलत का नाही?

'आमचं चालूय ना नीट, मग कशाला बदलायचं?' हे वाक्य तुम्ही ऐकणारच. त्यावर चिडू नका, खोदून विचारा. कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं.

आपल्याकडे लग्नपत्रिका आणि पावती पुस्तकं छापणाऱ्या डीटीपीवाल्यांचं उदाहरण घ्या. अनेकांनी वर्षानुवर्षं पेजमेकरवर काम केलं. पेजमेकर ७.० हे त्याचं शेवटचं मोठं व्हर्जन २००१ मध्ये आलं. त्यात मराठी टाइप व्हायची ती श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये. युनिकोडमध्ये नाही. ती फाइल नवीन मशीनवर त्या फॉन्टशिवाय उघडली की मराठीच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात. अशा माणसाला आपण 'जुनाट' म्हणतो, पण त्याची सगळी जुनी कामं त्या फाइलींमध्ये अडकलेली असतात. त्याला नवीन कॉम्प्युटरची भीती नसते, जुनं काम हरवायची असते.

तुमच्या ९ जणांनाही असंच काहीतरी धरून ठेवत असेल. कुणाचा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, कुणाचा वजनकाटा, कुणाची पाच वर्षांची उधारी. ज्याने त्याला अडवलंय ते सोडवून द्या, तो आपणहून येईल. नाहीतर सवलत देऊनही येणार नाही.

आणि एक महत्त्वाचं. एका जुन्यातून दुसऱ्या जुन्यात नेऊ नका. विंडोज ७ वरून विंडोज १० वर आणलंत, पण विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. घरगुती वापरासाठीची जादा मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. बरीच जुनी मशीन विंडोज ११ घेतही नाहीत. तेव्हा ग्राहकाला पैसे खर्च करायला सांगणार असाल, तर एकदाच आणि पुढची काही वर्षं निघतील असं सांगा. परवडत नसेल तर मोबाइलवर चालणारा साधा पर्याय देता येतो का ते बघा.

तारीख कशी ठरवायची?

तीन खऱ्या गोष्टी सांगतो.

पहिली, व्हॉट्सॲपची. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ब्लॅकबेरी आणि नोकियाच्या जुन्या फोनवर सपोर्ट बंद करणार. कारणही सांगितलं: २००९ मध्ये सुरुवात केली तेव्हा विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनपैकी सुमारे ७० टक्के याच दोघांचे होते, आता चित्र उलटं झालंय. पण नोकिया एस४० या फोनना, म्हणजे आपल्याकडे चाललेले आशा वगैरे, शेवटी ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत मुदत मिळाली. ज्या ग्राहकांवर धंदा उभा राहिला, त्यांना जास्त वेळ दिला, पण शेवटी तारीख पाळली.

दुसरी, पायथॉनची. पायथॉन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं. जुन्या पायथॉन २ ची मुदत आधी २०१५ होती. लोक हलले नाहीत म्हणून २०१४ मध्ये ती वाढवून २०२० केली, आणि १ जानेवारी २०२० ला खरंच थांबवलं. वाढवली ती एकदाच आणि भरपूर. दर सहा महिन्यांनी मुदत वाढवणाऱ्याची तारीख कुणी खरी मानत नाही.

तिसरी, आपल्या मुंबईतल्या रिझर्व्ह बँकेची. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, तरी बँकांची कितीतरी एटीएम त्यावरच चालू होती. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना सावध केलं. काम हळू चाललंय हे पाहून जून २०१८ मध्ये टप्पे घालून दिले: सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के एटीएम, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५ आणि जून २०१९ पर्यंत सगळी. 'लवकर बदला' म्हणणं वेगळं आणि 'या तिमाहीत इतकी' म्हणणं वेगळं. तुमच्या ९ जणांनाही असेच भाग पाडा: पहिल्या तीन महिन्यांत ३, पुढच्या तीन महिन्यांत ३, मग उरलेले.

आता तारखेचा महिना. आपला ग्राहक कोण आहे ते पाहून ठरवा. कृषी सेवा केंद्राला जून-जुलैत पेरणीच्या गर्दीत हात लावू नका. मार्चअखेर कुणालाच नको, सगळे हिशेबात असतात. एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य त्यांना बरा. चौकातल्या हॉटेलवाल्याला कपिलधारच्या यात्रेच्या आसपास नको. दूध केंद्राला बिलाचा दिवस टाळून, बिल वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी. नऊ ग्राहकांना नऊ वेगळ्या तारखा दिल्या तरी चालेल, शेवटची सगळ्यांना एकच असली म्हणजे झालं.

कळवायचं कसं?

किमान सहा महिने आधी, लेखी, आणि त्यानंतर प्रत्यक्ष फोन करून. मेसेज साधा ठेवा. नमुना देतो:

'नमस्कार. आपल्या दुकानात आपण आमच्या सॉफ्टवेअरचं विंडोज ७ साठीचं व्हर्जन वापरता. या व्हर्जनचा सपोर्ट आम्ही १५ मे रोजी बंद करत आहोत. त्या दिवसानंतरही आपलं सॉफ्टवेअर उघडेल आणि जुनी बिलं, उधारी, स्टॉक पाहता व छापता येईल. मात्र नवीन दुरुस्ती आणि फोनवरची मदत मिळणार नाही. नवीन व्हर्जनवर येण्यासाठी वेगळी फी नाही. आपला सगळा डेटा आम्ही स्वतः येऊन हलवून देऊ. आपल्याला कोणता दिवस सोयीचा आहे ते कळवा.'

यात काय बंद होणार, काय चालू राहणार, पैसे किती आणि डेटाचं काय, चारही उत्तरं आहेत. शेवटचं उत्तर सगळ्यात मोलाचं. ग्राहकाचा डेटा त्याचा आहे. तो नवीन व्हर्जनवर येवो, नाहीतर दुसऱ्याकडे जावो, त्याची बिलं आणि उधारी एक्सेलमध्ये काढून त्याच्या पेनड्राइव्हवर द्या. डेटा अडवून धरून टिकवलेला ग्राहक चार गावांत काय सांगत फिरेल, ते वेगळं सांगायला नको.

तारीख उलटल्यावर जुना कोड मात्र फेकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा तीन वर्षांपूर्वी सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टने तातडीची दुरुस्ती काढली. तुमच्यावरही एखादी अशी वेळ येऊ शकते. कोड आणि तो चालवायचं एक जुनं मशीन कपाटात ठेवा.

नवीन ग्राहकाला पहिल्याच दिवशी सांगा

हा सगळा त्रास निम्म्यावर आणायचा एक उपाय आहे. विंडोज १० हे २०१५ मध्ये बाजारात आलं, तेव्हाच त्याच्या सपोर्टची शेवटची तारीख १४ ऑक्टोबर २०२५ अशी जाहीर होती. दहा वर्षं आधी! तुम्हाला दहा वर्षांचं वचन द्यायची गरज नाही. जेवढं झेपेल तेवढंच द्या. बिलावर एक ओळ छापा: 'या व्हर्जनला खरेदीपासून ३ वर्षं सपोर्ट. बंद करण्याआधी ६ महिने कळवू. डेटा कधीही मागितल्यास मिळेल.' विकताना दिलेली तारीख ग्राहकाला अट वाटते, बंद करताना दिलेली तारीख त्याला फसवणूक वाटते. तारीख तीच असली तरी.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या सगळ्या ग्राहकांची यादी करा: व्हर्जन, विंडोज किंवा अँड्रॉइड, आणि त्यांच्या मागे असलेली माणसं.
२. वर दाखवल्याप्रमाणे तुमचा मोडीचा आकडा काढा.
३. तुमच्या सॉफ्टवेअरखालच्या प्रत्येक गोष्टीची शेवटची तारीख शोधून भिंतीवर लावा.
४. जुन्या व्हर्जनवरच्या एका ग्राहकाकडे स्वतः जा. काही विकू नका, फक्त विचारा: 'बदलायचं म्हटलं तर तुमचं काय अडतं?' जे उत्तर येईल ते लिहून ठेवा.

अजून सॉफ्टवेअर विकायला सुरुवातच केली नसेल, तर पहिल्या बिलाचा कागद काढा आणि वरची ती एक ओळ आजच त्यात घाला.

पुढच्या भागात नूतनीकरणाची फी कशी ठरवायची ते बघू. भेटूया!